तुझ्या वाटणीची भाकरी

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
१२ जुलै २०२५

वर्षाराणीस,

आशीर्वाद वगैरे.

फोनवर तुझ्याशी बोलणार नाही असं मी फेब्रुवारीत म्हणाले होते आणि ते मी पाळते आहे. पत्राबद्दल काही म्हणाले नव्हते. पाकिटावर ‘सौ.’ लिहिलेलं नाही, त्यावरून रुसू नकोस. पोस्टमनला नाव आणि मलकापूर एवढं पुरतं.

तसंही हे पत्र तुझ्यासाठी नाही, सावकारासाठी आहे. त्याला शाल गुंडाळून घरात आणलं होतंस तू, मी नको नको म्हणत असताना. तेव्हा त्याचं बरंवाईट तुला कळवणं भाग आहे.

तर गेल्या आठवड्यात सावकार तुझ्या शिलाई मशीनवर उडी मारायला गेला आणि अर्ध्यातून खाली पडला. मशीन उघडीच असते. झाकण घालायचं राहून गेलंय. पडला तो उठेचना, नुसता धापा टाकत पडून राहिला. मी ओरडले तशी शेजारची गंगव्वा काठी टेकत आली. कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली आणि म्हणते कशी, “अगं शिवलीला, ह्ये मांजर न्हवं, पोतं हाय पोतं! ह्येला काय घालतीस काय गं?”

मी म्हटलं, सगळे घालतात तेच.

रिक्षा करून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मोना म्हणून पोरगी आहे, आपल्या गिऱ्हाइकांतल्या कुणाची सून असावी इतकी लहान. तिनं सावकाराला काट्यावर ठेवला. साडेसात किलो! साडेचारच्या वर नको म्हणाली. पाय मोडलेला नव्हता, मुरगळला होता. पण असाच राहिला तर सांधे जातील, साखर होईल आणि फार दिवस काढणार नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं.

मग विचारलं, खायला काय काय देता? दूध-भाकरी, तूप लावलेली चपाती, दहीभात, सणाला पुरण. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“मावशी, मांजराला भाकरी?”

“मग काय घालू?”

“मांजर मांसाहारी असतं.”

“आमचं नसतं,” मी म्हणाले.

ती हसली नाही. हसायला हवं होतं, तू हसली असतीस. तिनं कोरडं खाणं लिहून दिलं, वाटीनं मोजून, थोडं थोडं, दिवसातून चारदा. आणि त्याची खायची घाई मोडा म्हणाली. तिच्यासमोर त्याला मूठभर घातलं होतं, ते दोन घासांत संपवून तो माझ्या तोंडाकडे बघत बसला. “हा खात नाही, ओढतो,” ती म्हणाली. “चावतच नाही, त्यामुळे पोट भरलेलं याला कळतच नाही.”

घरात कोण कोण असतं, असंही विचारलं. मी म्हटलं, आम्ही दोघी. तोंडातून गेलं. इतकी वर्षं तेच सांगत आलेय.

बाकी ठीक. कापायचं काम मी करते, शिवायला बाहेर देते. काखेत ओढतात ब्लाउज. गिऱ्हाइकं काही बोलत नाहीत, पण मला दिसतं.

शिवलीला

(‘आक्का’ लिहिणार होते. राहू दे.)

२२ जुलै २०२५

वर्षाराणीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हतेच.

सावकाराचं खाणं आणलं. पिशवीवर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचलं तर त्यात मासळी आहे. पिशवी फोडली आणि सगळ्या घरभर वास. अप्पा भिंतीवरून बघत होते. मी त्यांच्या फोटोवर एक ब्लाउजपीस टाकला. आता सावकाराची वेळ झाली की अप्पांवर पडदा आणि त्याचं झालं की पडदा काढायचा, असं दिवसातून चारदा चाललंय. हसू नकोस. तुझ्या घरात आता हे सगळं राजरोस शिजत असेल, पण आमच्या घराला सवय व्हायला वेळ लागेल.

घाई मोडण्यासाठी दुकानात एक खाचाखाचांची वाटी मिळते म्हणे. मी तीन दुकानं हिंडले, एकानं कुत्र्याची दाखवली. घरी येऊन माळ्यावर काही सापडतंय का बघत होते, तर आप्पेपात्र हाताला लागलं. तू रविवारी आप्पे करायचीस ते, बिडाचं. तू गेल्यापासून ते वर पडून आहे, मला आप्पे जमत नाहीत, तळाला धरतात. त्याच्या एकेका खळग्यात चार चार दाणे टाकले आणि खाली ठेवलं. सावकारानं आधी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला जप्तीची नोटीसच दिली. मग एका खळग्यात तोंड घातलं. तोंड मोठं, खळगा लहान. पंजानं एक दाणा उकरला, तो लांब पळाला, त्याच्यामागं हा. सगळं संपवायला त्याला इतका वेळ लागला की माझी एक अख्खी बाही कापून झाली. डॉक्टरला सांगितलं तर तिनं टाळ्याच वाजवल्या.

मापही घेते. छाती, पोट, कंबर, आपल्या टेपनं. गिऱ्हाइकांच्या वहीत त्याचं पान केलंय. टेप गळ्यात टाकला की तो आपणहून येऊन उभा राहतो आणि पोट आत घेत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा. पोटाचं माप मात्र उतरलेलं नाही. उलट बोटभर वाढलंय. डॉक्टरला कोडं पडलंय. मला काय माहीत? मी तर लिहून दिल्याप्रमाणे घालते.

उरतं थोडं, तेवढं घालते. ते कुठं टाकणार? तुला ठाऊक आहे आपल्या घरात अन्नाचं कसं आहे ते. अन्न म्हणजे प्रसाद. जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटांनी धुऊन, तेही पिऊन टाकायचं, असं अप्पांनी आपल्याला भाषा यायच्या आधी शिकवलं. लिंगपूजा करून शिजवलेलं मी कचऱ्यात टाकू होय?

गंगव्वा काल भिंतीपलीकडून ओरडली, “कुणासाटी एवढं शिजवतीस गं? फोडणीचा वास माझ्या घरापतुर येतोय. पावणं आल्यात व्हय?” मी म्हटलं, हात बसलेला आहे, कमी मळता येत नाही. तर म्हणते, “हाताला कोन सांगायचं मग? मी सांगू?” तिच्या तोंडाला कोण लागणार?

पुढच्या मंगळवारी पंचमी आहे. तुझी लग्नानंतरची पहिली. सहज आठवलं म्हणून लिहिलं, बोलावत नाही. आणायला जायला घरात भाऊ नाही आणि मी येणं शक्य नाही, ते तुलाही माहीत आहे. त्या दिवशी कातरी चालवत नाही म्हणून दुकान बंद असतं. मी घरीच असते. दाराची कडी काढलेलीच असते, उकडतं म्हणून.

शिवलीला

१ ऑगस्ट २०२५

वर्षाराणी,

सावकार दवाखान्यात आहे. आधी सांगते, जिवंत आहे.

सोमवारी श्रावणातला पहिला सोमवार. माझा उपवास. मला वाटलं, सावकारालाही धरू दे. वजन उतरत नाही, डॉक्टर कमी घाला कमी घाला म्हणते, तर एक दिवस काहीच नको. दिवसभर आप्पेपात्राभोवती फिरून ओरडत होता. मी म्हटलं, मी खाते का? मग तू कशाला खातोस? स्वतःवर खूश होते मी.

मंगळवारी पंचमी. तव्याचं काही करायचं नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं केली. सकाळीच उकडून ठेवली. हिरवं लुगडं नेसले. दारात रांगोळी काढली. गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आल्या होत्या, गंगव्वाची नातसुद्धा आली, तिच्या हसण्याचा आवाज इकडे येत होता. मलकापूरकडून येणाऱ्या गाड्या दुपारपर्यंत किती वाजता स्टँडवर लागतात, ते मला कसं माहीत असं विचारू नकोस.

तिसऱ्या प्रहरी मी माझी दिंडं खाल्ली. ओट्याशी उभी राहून, हल्ली तशीच खाते. दुसरं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्याच्यावर दूध आणि तूपही घातलेलं होतं. ते काही मी टाकणार नव्हते. सावकार आदल्या दिवसापासून उपाशी. सगळं ताट त्याच्यापुढं सरकवलं. खळगे नाहीत, दाणे नाहीत, काही नाही. श्वास न घेता खाल्लं त्यानं.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. मग तुझ्या मशीनखाली जाऊन बसला तो बाहेर येईना. बुधवारी पाणीसुद्धा प्यायला नाही. माझा सावकार, खाण्यावरून तोंड फिरवतोय! मी त्याच्यापुढं हात जोडले, राणी.

काल सकाळी नेला. डॉक्टर मोना माझ्यावर ओरडली. जाड मांजराला उपाशी ठेवलं, त्याचं खाणं तुटलं, की चरबी यकृतावर जाते आणि मांजर दगावतं. “उपवास माणसांनी करायचे, मावशी. त्याला कुठला देव पावायचाय?” मी मान खाली घालून ऐकलं. मग दिंडांचंही सांगितलं, तशी ती म्हणाली, “आणि एवढं गोड कुणी घातलं?”

मी म्हणाले, धाकट्या बहिणीनं.

असं का म्हणाले ते मला कळलं नाही. तोंडातून निघालं आणि परत घेता येईना. तिची तर एकदम ट्यूब पेटली. “तरीच! तुम्ही बिचाऱ्या इतकं मोजून घालताय आणि त्या मागून घालतायत. म्हणूनच वजन उतरत नाही. असं प्रत्येक घरात असतं, मावशी, एकजण पथ्य पाळतो आणि दुसरा लाड करतो. त्यांना घेऊन या. मी समजावते. त्या आल्याशिवाय मी याला घरी सोडणार नाही.”

तेव्हा तुझ्यावर असा आळ आला आहे. तुला कळावं म्हणून लिहिलं.

त्याला सलाईन लावलंय. मी घरी आले तर दारात कुणी आडवं आलं नाही. कुलूप काढून आत पाय टाकला आणि सवयीनं म्हटलं, आले रे. मग ओट्याशी जाऊन उगीच भांडी घासली. गंगव्वा आली, दारातनंच म्हणाली, “रडतीस व्हय?” मी नाही म्हटलं. ती खाली बसली आणि माझ्या हातातलं पातेलं ओढून घेऊन घासायला लागली. गंगव्वा आणि माझी भांडी! तू बघायला हवी होतीस.

आ.

१० ऑगस्ट २०२५

राणी,

सावकार घरी आला. तुला न नेताच. कसं ते सांगते.

तो दवाखान्यात होता त्या दिवशी मी नेहमीसारखं पीठ मळलं. भाकऱ्या थापल्या, भाजल्या, डाळ-वांगं केलं. दोन ताटं काढली. रोज काढते. तू जेवायला बसायचीस त्या बाजूला दुसरं ठेवते, वर झाकण घालते, माझं होईपर्यंत थांबते आणि मग ते सावकाराला घालते. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं. ‘उरतं थोडं’ असं लिहिलं होतं.

त्या दिवशी झाकण काढलं आणि लक्षात आलं की खाणारा नाही. आता हे कुणी खायचं? टाकायचं तर नाहीच. म्हणून पाट घेतला, खाली बसले आणि तुझं ताट पुढ्यात ओढलं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. माझं पोट भरलेलं होतं. राणी, कितीही केलं तरी ते संपेना. कधी एकदा संपतंय असं झालं. शेवटी ताट धुऊन पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून तशीच बसून राहिले.

डॉक्टरचं खरंच होतं. दुसरीच घालत होती त्याला. सहा महिने तो बिचारा तुझ्या वाटणीचं जेवत होता, सकाळ-संध्याकाळ, वर स्वतःचंही. तू येशील म्हणून मी शिजवायची, तू यायची नाहीस आणि शिक्षा त्याच्या पोटाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले आणि टेबलापाशी उभी राहून सांगून टाकलं. म्हटलं, दुसरी नाही. म्हणजे आहे, मलकापुरात आहे. लग्न करून गेली फेब्रुवारीत. मी लग्नाला गेले नाही. तिच्यासाठी शिजवते आणि याला घालते. एवढं बोलायला मला घाम फुटला. मला वाटलं, ही पोर हसणार किंवा उपदेश करणार. तिनं सावकाराच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “मग आता कसं करायचं, मावशी?”

मी म्हटलं, पीठ कमी मळायचं.

सांगायला सोपं. घरी येऊन परातीत पीठ घेतलं, निम्मं परत डब्यात टाकलं आणि पाणी मात्र हातानं नेहमीचंच ओतलं. पिठाचा चिखल झाला. छप्पन्न वर्षांची बाई मी, एकीपुरतं मळता येत नाही. लहान असताना आई, अप्पा, तू, मी. मग आपण दोघी. एकटीचा स्वयंपाक मी आयुष्यात केला नव्हता. त्या चिखलाची धिरडी केली आणि खाल्ली. दुसऱ्या दिवशी जमलं. एकच भाकरी आणि चतकोर. तवा खाली उतरवला तेव्हा इतकं वाईट वाटलं, की तू खरोखरची त्या दिवशी गेलीस असं वाटलं.

आता बोलतेच आहे तर सगळं बोलते. लोकांना वाटलं, मी चिडले ती तुझे गणपतराव कांबळे म्हणून, आपण लिंगायत म्हणून. मी तसं वाटू दिलं. जातीचं मनात अजिबात नव्हतं असं म्हणणार नाही, होतं. पण चारचौघांत सांगायला ते बरं होतं, म्हणून तेच पुढं केलं. मुलीच्या लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकायला आलेला माणूस शिवणारणीलाच घेऊन जातो आणि पन्नाशीतली माझी बहीण माप देणाऱ्या पोरीसारखी लाजते, याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. तू मला टाकून गेलीस असं मला वाटत होतं. अजून वाटतं. पण गेलीस ते बरं केलंस का वाईट, हे मी ठरवणारी कोण?

सावकार आता सावकाश खातो. मी पाट घेऊन खाली बसते, माझं ताट माझ्यापुढं, आप्पेपात्र त्याच्यापुढं. तो एक दाणा उकरतो, मी एक घास घेते. उभ्यानं खायचं मीही सोडलं. दोघांचं साधारण एकदमच आटोपतं. अप्पांच्या फोटोवर हल्ली पडदा टाकत नाही. बघू देत.

आक्का

१४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. राणीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. मी पिशवी उलटीपालटी करून, कागदाची घडी उलगडून बघितली. चिंध्यांची ती चटई तेवढी निघाली, खिसेच खिसे असलेली. आधी मला वाटलं, पायपुसणं आहे. मग एका खिशात बोट घातलं आणि डोक्यात प्रकाश पडला, की यात दाणे लपवायचे आणि सावकारानं ते शोधून काढायचे. माझी पत्रं तू वाचतेस तर.

टाका तुझाच आहे. कोपऱ्यात उलटा वळवून दोनदा मारतेस तो. काखेत न ओढणारा.

सावकारानं पहिल्यांदा चटईचा वास घेतला आणि दाणे राहिले बाजूला, तिच्यावर तोंड घासत लोळतच बसला. वास तुझा असणार. मग कामाला लागला. एकेक खिसा पंजानं उघडतो, आत नाक घालतो, फुसकारतो. तासभर तरी पुरतं त्याला. वजन साडेसहावर आलंय. पोटाचं माप चार बोटं उतरलं. काल तो तुझ्या मशीनवर चढला, एका उडीत. मी ओरडणार होते, ओरडले नाही. मशीनवर झाकण घालायचं होतं, त्याऐवजी तेल घातलं. गंगव्वाला बोलावून दाखवला तर म्हणते, “आता कसं मांजर दिसतंय की! आता तू दिसाय लाग जरा मान्सागत.”

चटईच्या मधोमध एक मोतिया रंगाचा तुकडा आहे, बारीक जरीकाठाचा. आपल्या गिऱ्हाइकांपैकी कुणाचं ते कापड नाही, मला सगळी पाठ आहेत. तुझ्या लग्नातल्या ब्लाउजचं आहे ना? मी बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसले होते. तुझा लग्नाचा ब्लाउज दुसऱ्या कुणीतरी कापला. गळा खोल गेला असणार, तुझा उजवा खांदा उतरता आहे हे त्यांना कोण सांगणार? येशील तेव्हा घेऊन ये. दुरुस्त करता येतो का बघते.

डॉक्टर मोना म्हणते, पुढच्या महिन्यात वजनाला आणाल तेव्हा त्या दुसऱ्या ताईंना मला बघायचंय. मी तिला शब्द दिलेला नाही.

गणपतरावांना विचार, त्यांना शेंगदाण्याची चटणी तिखट चालते का. गणपती नावाचा माणूस घरात गणपती बसवत नाही, याची गंमत मला अजून वाटते, त्यांना सांगू नकोस. किंवा सांग.

एकच कर. येणार असाल तर आधी कळव, आणि एकटी की दोघं तेही लिही. मी आता एकीपुरतंच पीठ मळते.

तुझी
आक्का